हर्षदाच्या अर्जापायी वसईत चार दिवस

मी वसईला गेले ती एक पान लिहून देण्यासाठी. एका पानासाठी अमरावतीहून एवढ्या दूर कोणी जात नाही, हे मला मान्य आहे. पण बोलावणे मीनलचे होते, आणि वसतिगृहाच्या एका खोलीत जिच्यासोबत चार वर्षे काढली, तिच्या बोलावण्याचे कारण पुरेसे आहे की नाही हे तपासत बसायचे नसते. मीनल लग्न होऊन गिरीजच्या एका बागाईतदार घरात गेली, त्याला आता वीस वर्षे झाली. तिची मुलगी हर्षदा दहावीला होती, आणि दहावीनंतर तिला एका निवासी सैनिकी अकादमीत जायचे होते. तिथे दोन वर्षे मुलींना शिकवतात, घडवतात, आणि पुढे सैन्यातल्या अधिकारपदाची वाट त्यांच्यासाठी मोकळी होते. अकादमीचे नाव मी लिहीत नाही. निकाल लागेपर्यंत ते उच्चारायचे नाही असा त्या घरात दंडक होता, आणि मला त्याची सवय जडली आहे.

लेखी परीक्षेत हर्षदा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती. मुलाखतीला बोलावण्याआधी अकादमीला आता तिच्याकडून तीन कागद हवे होते: ‘मी घेतलेला एक निर्णय’ या विषयावर एक पान, आणि तिला निदान तीन वर्षे ओळखणाऱ्या, नात्याबाहेरच्या दोघांची पत्रे, त्यांत उमेदवाराचे धैर्य, शिस्त आणि जबाबदारीची जाणीव यांविषयी लिहायचे. रविवारी संध्याकाळी पाच वाजता अर्ज घेणे बंद होणार होते.

“परीक्षा पार पडली गं, पण या तीन कागदांवर पुष्कळ मुली गळतात म्हणे,” मीनल फोनवर म्हणाली. “तुझी भाषा चांगली. तू ये आणि ते पान लिहून टाक. पोरगी दोन वर्षं पहाटे पाचला उठतेय त्यासाठी.”

मी महाविद्यालयात कविता शिकवते. माझ्या भाषेचा कोणाला उपयोग होईल, असे इतक्या ठामपणे मला यापूर्वी कोणी सांगितले नव्हते. मी निघाले.

गुरुवार, गिरीज

प्रवासाचे वर्णन करत नाही. तो जसा असतो तसा झाला. रिक्षा मुख्य रस्ता सोडून गावाच्या अरुंद वाटेला लागली आणि एकाएकी उजेडाचा रंग बदलला. दोन्ही बाजूंना केळी, केळींच्या डोक्यावर नारळी, नारळींच्या झावळ्यांतून गाळून येणारे ऊन. जानेवारीची सकाळ आमच्याकडे कोरडी, तडतडीत असते. इथल्या थंडीलाही ओल होती. ओल्या मातीचा, कुजत्या केळफुलांचा आणि कुठल्याशा चुलीतल्या करवंटीच्या धुराचा असा एक जाड वास हवेत थांबून होता की तो हाताने बाजूला सारता यावा.

त्या वासाकडे लक्ष देण्याच्या नादात माझे पायाकडे दुर्लक्ष झाले. वाडीत झाडांना पाणी नेणारे उथळ पाट आडवेतिडवे वाहत असतात, हे मला ठाऊक नव्हते. पहिल्याच पाटात मी घोट्यापर्यंत उतरले. एक चप्पल तरंगत अळूच्या पानांखाली गेली.

ओटीवर मीनलच्या सासूबाई बसल्या होत्या. त्या खळखळून हसल्या. “पाहुणीचे पाय वाडीनेच धुतले. आम्हाला कामच नाय ठेवलं!”

त्या घरात तिघी एकमेकींशी बोलू लागल्या की त्यांची घरची बोली सुरू होई. मला तिच्यातले निम्मे कळे, आणि उरलेल्या निम्म्याचा नाद मी चहाबरोबर घेई. माझ्याशी मात्र सगळ्या माझ्या मराठीत बोलत, पाहुणीला बसायला पाट द्यावा तशा.

चप्पल हर्षदाने शोधून आणली. उंच, काटक, उन्हाने रापलेली मुलगी. केस आखूड, पावले लांब. “मावशी, या बाजूने या. तो पाट आता भरणार आहे,” ती म्हणाली आणि मला विहिरीशी घेऊन गेली. पाच वाड्यांची मिळून ती एक विहीर. पंपाच्या खोपटीवर एक काळी पाटी टांगलेली होती आणि तिच्यावर खडूने कोणाच्या वाडीला कधी पाणी, याच्या पाळ्या लिहिल्या होत्या. हर्षदाने एक ओळ पुसली, दुसरी लिहिली, तर्जनीला लागलेला खडू पायजम्याला पुसला. तिचे आजोबा होते तोवर ते ही पाटी लिहीत. त्यांच्यानंतर ती लिहू लागली.

“आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरी आटतात,” मी म्हटले.

“आमची नाय आटत. ती खारट होते. जास्त उपसली की खालून समुद्राचं पाणी चढतं. मग केळी जळतात.” तिने हे, आज गुरुवार आहे अशा स्वरात सांगितले. मी मात्र ते वाक्य वहीत टिपून घेतले. एखाद्या कवितेत कामी येईल, असे माझ्या मनात आले. त्याहून अधिक काही आले नाही, याची आता थोडी लाज वाटते.

दुपारी उकडहंडी होती. कोनफळ, रताळी, वालपापडी, हिरवे वाटण, सगळे एका मडक्यात तोंड बांधून आपापल्या वाफेवर शिजलेले. आमच्या तर्रीवर वाढलेल्या जिभेला आधी वाटले, यात काहीतरी घालायचे राहिले. तिसऱ्या घासाला कळले की काहीच घालायचे नसते. त्यावर सुकेळी, म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली, मधाच्या रंगाची. ती खाऊन मी ओटीवर बसले आणि एकटाकी ते पान लिहिले. मला ते फार आवडले. हर्षदाने दोनदा वाचले.

“छान आहे, मावशी.”

“पण?”

“पण नाय. छानच आहे.”

संध्याकाळी पहिले पत्र आले. ते शेजारच्या वाडीच्या दामोदरकाकांनी लिहिले होते. काका पंच्याहत्तरीच्या पुढचे. अंगात बंडी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोटांना केळीच्या चिकाचे काळे डाग. त्यांच्या ज्ञातीत एक जुनी रीत आहे. मुलीचे लग्न ठरवायचे असले की तिच्याविषयी एक पत्र काकांनी लिहायचे आणि ते मुलाच्या घरी जायचे. आमच्याकडे हे काम मध्यस्थ तोंडी करतो, आणि पुढे काही बिनसले तर तो मी नव्हेच म्हणतो. इथे ते लेखी, तारखेसह, सहीनिशी.

“सैन्याला पत्र कशाला हवं?” काकांनी विचारले.

“अकादमीला, काका. तिथे राहायचं दोन वर्षं,” हर्षदा म्हणाली.

“म्हणजे परक्या घरीच जाणार ना? मग काळजी नको. असली दोनेकशे पत्रं लिहिलीत मी. एकपण मुलगी परत नाय आली.”

पाकीट त्यांनी चिकटवून दिले. मोठ्यांचे पत्र त्यांच्यासमोर फोडून वाचायचे नसते, म्हणून ते तसेच राहिले.

शुक्रवार, मनवेलपाडा

विरारच्या पूर्वेला मनवेलपाड्यात एक निवृत्त सुभेदार राहतात. मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्याकडे आठ-दहा मुलेमुली सकाळी धावायला आणि मुलाखतीची तयारी करायला येतात. गिरीजहून तिथे पोचायला फार वेळ लागत नाही, पण वाटते मात्र की आपण दुसऱ्या प्रांतात आलो. चाळी, त्यांच्या खांद्याला खांदा लावून नव्या इमारती, गॅलऱ्यांत वाळणाऱ्या चादरींचे रंग, कुठे फोडणी, कुठे अगरबत्ती, कुठे ताज्या रंगाचा वास; एका खिडकीतून भोजपुरी, दुसरीतून मालवणी, तिसरीतून कुकरची शिट्टी. वाडीत आवाज पानांवरून घसरत येतो. इथे तो भिंतींवर आपटून दुप्पट होतो.

इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत मुले धावत होती. मी एका सिमेंटच्या बाकावर बसून सायकलवरच्या अण्णाकडून इडली घेतली. हर्षदा धावताना पाहिली आणि मला कळले की ती धावत नाही, अंतर मिटवत नेते. घाम पुसत ती सुभेदारांपुढे उभी राहिली तेव्हा त्यांनी माझे पान हातात घेतले.

“‘सागराच्या अखंड गर्जनेतून मला कर्तव्याची हाक ऐकू आली,’” त्यांनी वाचले. “कुठल्या सागराच्या?”

“अरबी, सर.”

“कधी ऐकू आली?”

हर्षदा पुन्हा घाम पुसू लागली.

“गिरीजच्या घरातून समुद्र ऐकू येतो का?”

“नाही, सर.”

“मग?”

तिने माझ्याकडे पाहिले. “मावशीला येतो, सर.”

मुले हसली. सुभेदार हसले नाहीत. मोठ्या अदबीने माझ्याकडे वळले. “मॅडम, लिहिलंय सुंदर. माझ्या रिटायरमेंटला कोणी असं लिहिलं असतं तर मी रडलो असतो. पण मुलाखतीत समोर तीन अधिकारी असतात. ते एकेक शब्द उचलतात आणि त्याच्याखाली बघतात. खाली माती पाहिजे.”

मी मान हलवली.

मग त्यांनी काकांचे पाकीट फोडले आणि उभ्यानेच मोठ्याने वाचू लागले. “‘चि. हर्षदा ही सुस्वभावी, मितभाषी व सात्त्विक मुलगी असून मोठ्यांसमोर मान वर करून बोललेली आजवर कोणी पाहिलेली नाही.’” ते थांबले. “मान वर न करता टेहळणी कशी करणार?”

ते पुढे वाचू लागले. “‘दिवेलागणीनंतर एकटी घराबाहेर पडत नाही.’ बरं झालं. शत्रूला तसं कळवून ठेवू. ‘सुकेळी करण्यात निपुण. आजोळचे घराणे निष्कलंक. ज्या घरी जाईल त्या घराचे सोने करील.’”

आता धावणारी मुलेही थांबून ऐकत होती. एकीने विचारले, “हर्षदा, मुलगा कोणत्या रेजिमेंटचा आहे?” हर्षदाही हसत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

सुभेदारांनी कागदाची जपून घडी केली. “लिहिणारा माणूस भला आहे. पोरीवर त्याची माया आहे. पण हे असं गेलं तर पोरगी मुलाखतीपर्यंत पोचणार नाही. काहीतरी घडलेलं आणा. छोटं चालेल, पण घडलेलं. दोन दिवस आहेत.”

परतताना मीनलने सांगितल्याप्रमाणे आम्ही वाट वाकडी करून आगाशीचे भुजिंग खाल्ले. निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, पोह्यांत कालवलेली, धुराच्या चवीची. पोहे हा नाश्त्याचा सौम्य, हळद लावलेला प्राणी, असे समजणाऱ्या मला हा मोठा धक्का होता. हर्षदाने अर्धेच खाल्ले.

“मावशी, माझ्याकडे घडलेलं काहीच नाहीये. क्लासमधल्या सगळ्यांकडे मेडल आहेत, कॅम्प आहेत. मी फक्त शाळेत जाते, धावते आणि वाडीत असते. त्यात काय लिहिणार?”

शनिवार, वसई

दुसरे पत्र फिलोमिना टीचरांकडे मागायचे होते. हर्षदा प्राथमिक शाळेत असताना त्या मुख्याध्यापिका होत्या. आता निवृत्त होऊन जुन्या वसईत, किल्ल्याच्या वाटेवर राहतात. आधी बाजारातून जावे लागले. एका कोळणीने मला अडवले. टोपलीतला बोंबील तिने माझ्या नाकासमोर धरला. “घे गो ताय, बघ तरी. अजून पानी गळते त्याच्यातून!” मी नको म्हटले तर म्हणाली, “कुठली गो तू?” अमरावती म्हटल्यावर तिने टोपलीवर हिरवे पान ओढले. “मंग राहू दे. पोचेस्तवर तोच तुझ्याआधी पळत सुटंल.”

टीचरांच्या अंगणात क्रूस, क्रूसाभोवती झेंडूच्या कुंड्या, ओटीवर वेताची खुर्ची. त्यांनी आम्हाला पाहताच आत हाक देऊन फुगे मागवले. हे फुगे मैद्याचे, तळलेले, गोल, आत मऊ. दोन बोटांत धरले की निःश्वास सोडतात.

“काय गो बाय, एवढी उंच कधी झालीस?” त्यांनी हर्षदाचा हात हातात घेतला. येण्याचे कारण ऐकले आणि चष्मा लावून अकादमीची सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. “धैर्य, शिस्त, जबाबदारी. मी जे पाहिलं तेच लिहीन. चालेल? चला, किल्ल्यात जाऊ. तिथेच पाहिलंय मी.”

काळ्या दगडांच्या त्या उंच भिंतींमध्ये छपरे नाहीत. चर्चच्या पडक्या कमानींतून सरळ आभाळ आत उतरते. भिंतींच्या सांध्यांत पिंपळ, ताडांवर पोपट, आणि कुठेतरी एक जोडपे लग्नाआधीचे फोटो काढत होते. नवरीचा लांबलचक लाल झगा गवतावरून वाहत होता. मला तिथे बसून एक वही भरावीशी वाटली. टीचर मात्र हातातल्या छत्रीने बोट दाखवावे तशी दिशा दाखवत पुढे चालल्या होत्या.

“ही चौथीत होती. सहल आणली होती इथे. निघताना मी पोरं मोजली आणि म्हटलं, झाली सगळी, चढा बसमध्ये. ही चढेना. म्हणते, दोघी नाहीत. मी म्हटलं, मी मोजलीत ना, चढ! ही त्या कमानीच्या पायरीवर उभी. रडत होती, पण चढत नव्हती.”

“मग?” मी विचारले.

“मग काय? मी चुकले होते. दोघी त्या बुरुजात झोपल्या होत्या, सावलीत.” त्या स्वतःशीच हसल्या. “अजून घाम फुटतो मला. देवाने आणि हिने वाचवलं. हेच लिहिते.”

पडक्या कमानीखाली पायरीवर बसून त्यांनी तिथेच, मांडीवर वही ठेवून पत्र लिहिले; एक पान, ताठ अक्षर. त्यात ‘माझी मोजणी चुकली होती’ हे वाक्य दुसऱ्याच ओळीत होते. सही करून त्यांनी हर्षदाकडे पाहिले. “ही चौथीतली गोष्ट. त्यानंतर पायरीवर उभी राहिलीस का कधी?”

हर्षदा गवताची काडी सोलत होती. “एकदा. पण ते घरी कोणाला सांगायचं नाहीये.”

“मी घरची नाही.”

“मी पण नाही,” मी घाईने म्हटले.

तेव्हा कळले. मागच्या वैशाखात विहीर खारट होऊ लागली होती. म्हणून पाचही वाड्यांनी ठरवले की दुपारी बारा ते चार पंप बंद ठेवायचा. विहिरीला विसावा द्यायचा. हर्षदाने ते पाटीवर लिहिले. एका दुपारी एक वाजता पंप सुरू झाल्याचा आवाज आला. ती धावत गेली. पाणी दामोदरकाकांच्या वाडीला चालले होते. तिने खटका खाली ओढला, खोपटीच्या दारात बसली आणि चार वाजेपर्यंत उठली नाही. काका ओरडत आले. वाडीतली माणसे जमली. चौदा वर्षांच्या मुलीने ज्ञातीतल्या सर्वांत मोठ्या माणसाचे पाणी बंद केले होते.

“आजीने दुसऱ्या दिवशी सुकेळ्यांचा डबा घेऊन त्यांची माफी मागितली. आई म्हणाली, हा विषय पुन्हा नको.”

टीचरांनी वही मिटली. “हे मी लिहू शकत नाही, बाय. मी पाहिलं नाही. ज्याने पाहिलं त्याने लिहावं.”

“पण ते तर काकाच आहेत,” हर्षदा म्हणाली.

“तेच म्हणतेय मी.”

रविवार, पुन्हा गिरीज

सकाळी मीनलशी थोडी वादावादी झाली. “ज्या माणसाचा अपमान केला त्याच्याकडेच प्रशस्तिपत्र मागायचं?” तिचे म्हणणे चूक नव्हते. पंप स्वतः सुरू केला होता आणि नियम स्वतः मोडला होता, हे काका कागदावर का लिहितील? मग ते त्यांच्या सुनेच्या माहेरी आणि सगळ्या ज्ञातीत कळणार; शिवाय लिहायचे ते, ज्या हाताने सगळ्यांच्या मुलींची वर्तणूक लिहिली त्याच हाताने. आणि ते नाही म्हणाले तर पाच वाजेपर्यंत नवे पत्र कुठून आणायचे? सासूबाई मात्र सुपातले वाल निवडत म्हणाल्या, “जाऊ दे तिला. माझी माफी मागून झाली. आता तिचं ती बघेल.”

अकरा वाजता आम्ही दोघी काकांच्या वाडीत गेलो. ते कोयत्याने केळीची पाने कापत होते. हर्षदाने पत्र पुढे केले.

“का गो? अक्षर लागलं नाही त्यांना?”

“लागलं. पण काका, यातली मुलगी फार गुणी आहे. मी तशी नाहीये. तुम्हाला माहीत आहे.”

काकांचा कोयता थांबला.

“वैशाखातलं लिहाल?”

त्यांनी कापलेली पाने एकावर एक रचली. मग काका म्हणाले, “अगो, ते मी मुद्दाम नाही लिहिलं! मोठ्या माणसाला आडवी जाते, असं कोण लिहितं पोरीबद्दल? तुझी बदनामी मी करू?”

“त्यांना तेच हवंय, काका.”

“त्यांना पोरी आडव्या जाणाऱ्या हव्यात?” त्यांनी माझ्याकडे पाहिले, जणू मी अमरावतीहून येताना हा नवा कायदा घेऊन आले होते. मी होकारार्थी मान हलवली. ते बांधावर बसले. “आणि माझं काय? मी पंप लावला होता, हे पण लिहायचं?”

“त्याशिवाय बाकीचं कळणार नाही.”

“केळीचे मुनवे नुकते लावले होते, कोवळी पिल्लं ती. जळत होते डोळ्यांसमोर. म्हटलं, अर्धा तास.” हे त्यांनी केळीच्या झाडांना सांगितले. मग एकदम आवाज चढवून, “तू मला हाक का नाही मारलीस? शंभर पावलांवर होतो मी. हाक मारली असतीस तर मीच बंद केला असता. सगळ्या वाडीसमोर माझी शोभा झाली ती तुझ्या पंप बंद करण्याने नाही. न विचारता बंद करण्याने.”

मला वाटले, आता ती माफी मागेल आणि सगळे संपेल. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

“तुम्ही नाही म्हणाला असता तर? मग मला बंद करता आला नसता. म्हणून नाही मारली.”

“म्हणजे घाबरलीस मला?”

“हो.”

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. “चल. दोन्ही लिहितो. बंद केलास ते, आणि घाबरलीस ते. एक लिहून दुसरं गाळायला मी काही तुझं लग्न जमवत नाही.”

दोनशे मुलींची पत्रे सहज लिहिणाऱ्या त्या माणसाला हे एक पत्र लिहायला चार तास लागले. पहिला कागद फाडला, असे त्यांच्या सूनबाईंनी मागाहून सांगितले. दुसऱ्यावर ‘माझ्या हातून अनवधानाने’ असे लिहिले, मग ‘अनवधानाने’ खोडले, आणि खोडलेला कागद पाठवायचा नसतो म्हणून तिसरा घेतला. मध्ये जेवण झाले, मध्ये त्यांच्या सूनबाईंनी दोनदा डोकावून पाहिले. तोवर घरी ओटीवर हर्षदाने तिचे पान स्वतः लिहिले. मी शेजारी बसले होते. एका ठिकाणी तिने विचारले, “मावशी, ‘खटका ओढला’ चालेल? की काही चांगला शब्द आहे?” मी म्हटले, याहून चांगला शब्द मला ठाऊक नाही.

काकांचे पत्र साडेतीनला आले. मीनलने ते वाचले आणि तिचा चेहरा उतरला. “‘मला भ्याली म्हणून हाक मारली नाही.’ हेसुद्धा? सैन्यात पाठवायचं पत्र आहे हे!” तिने सुभेदारांना फोन लावला, सगळे पत्र वाचून दाखवले. मग सुभेदार म्हणाले, “एक अक्षर बदलू नका. लगेच पाठवा.”

लगेच पाठवणे सोपे नव्हते. वाडीत झाडे एवढी दाट की बोलण्यापुरता फोन लागे, पण कागद पाठवण्यापुरते इंटरनेट मिळेना. कागदांचे फोटो काढून आम्ही चौघी मोठ्या रस्त्याकडे निघालो. सासूबाई काठी टेकत पुढे, कारण वाट त्यांना जवळची ठाऊक होती. मी पुन्हा एका पाटात पाय घातला, आणि या वेळी कोणालाही हसायला वेळ नव्हता. चर्चच्या भिंतीशी उभे राहून हर्षदाने कागद एकेक करून चढवले. एक गोल फिरत राहिला. फिरत राहिला. चार वाजून चाळीस मिनिटांनी हिरवी खूण आली, आणि मीनल चक्क रस्त्यातच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी मी परत निघाले. ज्या पानासाठी गेले होते ते माझ्या पर्समध्ये होते, चार घड्या घातलेले.

पुढची हकीकत मला फोनवर कळली. हर्षदाला मुलाखतीचे बोलावणे आले. तीन अधिकारी होते, मधल्या खुर्चीवर एक बाई. त्यांच्यासमोर काकांचे पत्र होते. त्यांनी बाकी काही न विचारता विचारले, “हाक का मारली नाहीस?”

“त्या वेळी मला वाटलं, ते नाही म्हणाले तर माझं काही चालणार नाही,” हर्षदाने उत्तर दिले. “आता वाटतं, ते नाही म्हणाले असते तरी मला बंद करता आला असता. त्यामुळे पुढच्या वेळी आधी हाक मारीन.”

बाईंनी काहीतरी लिहून घेतले आणि नारळाच्या झाडावर चढता येते का, हे विचारले.

चैत्रात यादी लागली. तिच्यात हर्षदाचे नाव होते. ती तशीच धावत दामोदरकाकांच्या वाडीत गेली, म्हणे. आणि या वेळी त्यांच्या बांधाशी थांबून तिने हाक मारली. काकांनी बातमी ऐकली, चष्मा पुसला, केळींच्या नव्या मुनव्यांकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, “म्हणजे पुढच्या वैशाखात मला अडवायला कोणी नाही?”

“पाटी आईकडे दिलीय,” हर्षदा म्हणाली. “आणि ती हाकबिक मारणार नाही.”